गोळी आईची, दूध बाळाचं: अंगावर पाजताना औषधं घ्यायची कशी?

जुलैत ताप भरतो, डॉक्टर तीन गोळ्या लिहून देतात. केमिस्ट पाकिटावर वेळा लिहिता लिहिता विचारतो, "बाळ अंगावर पितं का? मग गोळ्या संपेपर्यंत पाजू नका." घरी सासूबाईंचं मत, तापाचं दूध बाळाला बाधतं. बहीण फोनवर सांगते, गोळ्याच घेऊ नकोस, सहन कर दोन दिवस. तीन सल्ले, तिन्ही मायेपोटी दिलेले, आणि बहुतेक वेळा तिन्ही चूक.

मुंबईच्या पावसाळ्यात मलेरिया, डेंग्यू आणि लेप्टो (साचलेल्या पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस) एकाच वेळी फिरत असतात. त्यामुळे तान्हं बाळ असलेल्या घरात हा पेच कधी ना कधी येतोच. नेहमीच्या वापरातली बहुतांश औषधं अंगावर पाजताना घेता येतात, थोडी मात्र खरोखर घातक आहेत. ती थोडी कोणती आणि का, हे कळलं की बाकीची भीती बरीच कमी होते.

## औषध दुधात जातं कसं

इमारतीच्या गच्चीवर पाण्याच्या दोन टाक्या शेजारी शेजारी असतात आणि खालून पाइपने जोडलेल्या असतात. एका टाकीत पाणी चढलं की दुसरीत चढतं, एकीत उतरलं की दुसरीत उतरतं. आईचं रक्त आणि दूध यांचं नातं साधारण असंच आहे. गोळी घेतल्यावर रक्तातलं औषध वाढतं, त्यातलं थोडं दुधात येतं. रक्तातलं औषध मूत्रपिंड आणि यकृत साफ करू लागले की दुधातलं औषधही परत रक्तात उतरतं. स्तनात साठलेलं दूध म्हणजे बंद बाटली नव्हे.

मात्र जोडणारा पाइप सगळ्यांना सारखा मोकळा नसतो. इन्सुलिन आणि हेपॅरिन यांचे रेणू इतके मोठे असतात की ते दुधात जवळजवळ पोचतच नाहीत. आयबुप्रोफेन किंवा रक्त पातळ करणारं वॉरफरिन रक्तातल्या प्रथिनांना घट्ट चिकटून राहतं, म्हणून दुधात अगदी थोडं येतं. ब्लड प्रेशरची अटेनोलॉल ही गोळी प्रथिनांना फारशी चिकटत नाही, त्यामुळे ती दुधात बऱ्यापैकी उतरते आणि नवजात बाळाच्या आईला शक्यतो देत नाहीत.

दुधात आलेलं औषध बाळाच्या पोटातूनही पार पडावं लागतं. जेंटामायसिन, अमिकासिन ही अँटिबायोटिक्स इंजेक्शनं म्हणूनच दिली जातात, कारण तोंडावाटे ती आतड्यातून शोषली जात नाहीत. आईला ती मिळाली आणि थोडी दुधात उतरली, तरी बाळाच्या रक्तात नगण्यच जातात. फार तर शी जरा पातळ होते.

बाळाचं वय या सगळ्याइतकंच महत्त्वाचं आहे. आईच्या औषधाचा त्रास झाल्याच्या बहुतेक नोंदी दोन महिन्यांच्या आतल्या बाळांच्या आहेत. त्यांचं यकृत आणि मूत्रपिंड अजून तयार होत असतं, आणि दूध हेच त्यांचं सगळं अन्न असतं. दिवस भरण्याआधी जन्मलेली, कमी वजनाची किंवा कावीळ झालेली बाळं आणखी नाजूक. आठ महिन्यांचं, वरणभात खाणारं बाळ त्याच गोळीला सहज पचवतं. पहिल्या दोन-तीन दिवसांच्या चिकात औषध जरा सहज शिरतं, पण चीक असतो चमचा-चमचाभर, त्यामुळे एकूण मात्रा फार होत नाही.

## थोडं म्हणजे किती?

तज्ज्ञ यासाठी रिलेटिव्ह इन्फंट डोस नावाचं माप वापरतात: आईला किलोमागे जेवढं औषध मिळतं, त्याच्या किती टक्के बाळाला किलोमागे दुधातून मिळतं. हिशेब सोपा आहे. समजा, 60 किलोची आई दिवसाला 600 मिलीग्राम औषध घेते, म्हणजे किलोमागे 10 मिलीग्राम. तिच्या दुधात लिटरमागे 1 मिलीग्राम औषध सापडलं. फक्त अंगावर पिणारं बाळ दिवसाला किलोमागे साधारण 150 मिलिलिटर दूध पितं, तेव्हा त्याच्या वाट्याला किलोमागे 0.15 मिलीग्राम आलं. दहाच्या तुलनेत हे दीड टक्का.

हा आकडा 10 टक्क्यांच्या आत असेल तर औषध सर्वसाधारणपणे चालतं असं मानतात. नेहमीची पुष्कळशी औषधं या रेषेच्या बरीच खाली आहेत. पण रेषा म्हणजे कायदा नव्हे. कॅन्सरचं औषध एक टक्का असलं तरी नको, आणि जे औषध बाळांना थेट देतातच, ते थोडं जास्त असलं तरी घाबरायचं कारण नाही.

## पण खोक्यातल्या कागदावर तर 'नको' लिहिलंय

लिहिलेलं असतं, आणि कारण बहुधा कायदेशीर असतं. अंगावर पाजणाऱ्या बायकांना औषधांच्या चाचण्यांत सहसा घेत नाहीत. चाचणी नाही म्हणून माहिती नाही, माहिती नाही म्हणून कंपनी स्वतःच्या बचावासाठी 'स्तनदा मातांनी घेऊ नये' छापून मोकळी होते. ते वाक्य धोका सिद्ध झाल्याचा पुरावा नाही.

प्रत्यक्ष मोजमापं 'लॅक्टमेड' या अमेरिकी सरकारी संस्थेच्या मोफत डेटाबेसमध्ये औषधवार मिळतात: दुधात किती आढळलं, बाळाच्या रक्तात किती, कुणाला त्रास झाला का, आणि त्याऐवजी काय घेता येईल. भाषा डॉक्टरी आहे, पण तुमच्या डॉक्टरांसमोर मोबाइलवर उघडून ठेवायला काहीच हरकत नाही.

कागदावर विसंबून पाजणं थांबवण्याची किंमत मात्र कागदावर नसते. छाती दगडासारखी भरते, गाठी होतात, कधी त्यात पू होतो. चार-पाच दिवसांच्या खंडानंतर दूध घटतं आणि बाटलीला सरावलेलं बाळ छातीला लागायला तयार होत नाही. शिवाय पावसाळ्यात गढूळ येणाऱ्या पाण्यात पावडर कालवायची म्हणजे जुलाबांना आमंत्रण. पेनिसिलीनच्या एका कोर्सपायी हे सगळं ओढवून घेणं हा वाईट सौदा आहे.

## दूध पिळून फेकलं तर औषध जाईल?

नाही. वरच्या टाक्या आठवा. एक रिकामी केली तरी दुसरीत पाणी आहे तोवर ती पुन्हा त्याच पातळीला भरणार. दुधातलं औषध रक्तातल्या औषधाबरोबरच कमी होतं, पिळल्याने लवकर जात नाही. पिळायचं ते छाती भरून दुखू नये आणि दूध टिकावं म्हणून.

औषध किती वेळात उतरतं हे त्याच्या हाफ-लाइफवर ठरतं, म्हणजे रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला लागणारा वेळ. असे पाच टप्पे गेले की सुमारे 97 टक्के औषध गेलेलं असतं. पॅरासिटामॉलचा टप्पा दोन-तीन तासांचा. फ्लुऑक्सेटीन या नैराश्यावरच्या गोळीचा काही दिवसांचा.

पाजून झाल्या झाल्या गोळी घ्यावी हा सल्ला छोट्या हाफ-लाइफच्या गोळ्यांना लागू पडतो. बाळ रात्री सलग चार-पाच तास झोपत असेल तर दिवसातून एकदाची गोळी त्या झोपेच्या आधी घ्यावी. दर दोन तासांनी उठणाऱ्या महिनाभराच्या बाळाच्या बाबतीत या वेळापत्रकाने फार काही साधत नाही, आणि लांब टिकणाऱ्या औषधाला तर वेळ पाळून काहीच फरक पडत नाही. त्यासाठी बाळाला रडवू नका.

## पावसाळी ताप

तापासाठी पॅरासिटामॉल. 500 किंवा 650 मिलीग्रामची गोळी सहा तासांच्या अंतराने घेतली तर चालते. तान्ह्या बाळांनाही हेच औषध देतात आणि दुधातून मिळणारा भाग त्याहून खूपच कमी असतो. चूक होते ती दुहेरी मोजणीत: सर्दीच्या मिश्र गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं. दोन्ही घेतल्या तर आईच्या यकृतावर भार पडतो, म्हणून स्ट्रिपच्या मागचं वाचून एकच घ्यावी.

आयबुप्रोफेन दुधाच्या दृष्टीने उत्तम औषध आहे, पण मुंबईत जुलै ते ऑक्टोबर तापात ते आपणहून घेऊ नये. डेंग्यू असेल तर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक आणि अॅस्पिरीनने आईला रक्तस्रावाचा धोका वाढतो. दुधाला चालणारं औषध आईच्या आजाराला चालेलच असं नाही, हे इथे विसरलं जातं. डेंग्यूत अंगावर पाजणं मात्र चालू ठेवता येतं. आईने भरपूर पाणी, ताक, पेज घ्यावी. उलट्या थांबत नसतील, पोट फार दुखत असेल, हिरड्यांतून रक्त येत असेल तर घरी थांबू नये.

मलेरियात क्लोरोक्विन चालतं. अडतं ते प्रायमाक्विनपाशी. व्हायवॅक्स मलेरिया यकृतात दडून पुन्हा उलटू नये म्हणून ते 14 दिवस देतात. जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम कमी असणाऱ्यांच्या लाल पेशी या औषधाने फुटतात. ही कमतरता जन्मजात असते आणि आईला नसली तरी बाळाला असू शकते. म्हणून बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल तर आईला प्रायमाक्विन देत नाहीत. त्याहून मोठं असेल तर आई आणि बाळ दोघांची रक्ततपासणी आधी करतात. 'मी अंगावर पाजते आहे' हे सांगायला विसरू नये असं हे ठिकाण आहे.

गुडघाभर पाण्यातून चालत घरी आलात आणि पायाला जखम असेल, तर लेप्टोच्या प्रतिबंधासाठी 72 तासांच्या आत महापालिकेच्या दवाखान्यात दाखवा. तिथे सहसा डॉक्सीसायक्लीन देतात, गरोदर बायकांना त्याऐवजी अझिथ्रोमायसिन. 'डॉक्सीने बाळाचे दात पिवळे होतात' ही भीती बाळाला थेट किंवा महिनोन् महिने दिलं तर खरी. दुधातलं कॅल्शियम या औषधाला बांधून ठेवतं, त्यामुळे बाळात फारच थोडं जातं. तीन आठवड्यांच्या आतला कोर्स सहसा चालवून घेतात, आणि मन मानत नसेल तर अझिथ्रोमायसिन मागता येतं.

अॅमॉक्सिसिलीन आणि सेफॅलोस्पोरिन गटातली अँटिबायोटिक्स चालतात. बाळाला शी पातळ होणं किंवा तोंडात पांढरे डाग येणं हे दोन त्रास बघायचे. मेट्रोनिडाझॉल नेहमीच्या विभागलेल्या डोसमध्ये चालतं, एकदम 2 ग्रॅमचा डोस असेल तर 12 ते 24 तास थांबायला सांगतात. सल्फा गटातलं औषध महिन्याच्या आतल्या, कावीळ असलेल्या किंवा जी-सिक्स-पीडी कमी असलेल्या बाळाच्या आईला नको.

## सिझरनंतरचं दुखणं आणि साधी सर्दी

सिझरनंतर पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन आलटून-पालटून घेतलं तर बहुतेकींचं दुखणं आटोक्यात राहतं. ट्रामाडॉल ही दुखण्यावरची गोळी आणि खोकल्याच्या काही औषधांत असणारं कोडीन यांपासून मात्र खरोखर सावध राहायला हवं. काही लोकांचं यकृत कोडीनचं मॉर्फिनमध्ये रूपांतर फार वेगाने करतं, ट्रामाडॉलचंही असंच जास्त तीव्र रूप तयार करतं. आपण त्यातले आहोत हे कुणालाच आधी माहीत नसतं. अशा आईच्या दुधाने बाळाचा श्वास मंदावून दगावण्यापर्यंत वेळ गेलेली आहे. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने 2017 मध्ये पाजणाऱ्या बायकांनी ही दोन्ही औषधं घेऊ नयेत असा इशारा दिला. डिस्चार्ज पेपरवर ट्रामाडॉल दिसलं तर पर्याय विचारा. घेतलं गेलं असेल आणि बाळ पाजायलाही उठत नसेल, अंग सैल पडलं असेल, श्वास हळू असेल, तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठा.

निमेसुलाइड हे ताप-दुखण्यावरचं औषध भारतात 2011 पासून 12 वर्षांखालच्या मुलांना द्यायला बंदी आहे. मग तान्ह्याच्या आईने ते का घ्यावं? सर्दीच्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असेल तर दूध कमी होऊ शकतं. वाफ, मिठाच्या पाण्याचे नाकातले थेंब आणि फार झालं तर सेट्रिझिन किंवा लोराटाडीन पुरतं. जुन्या, गुंगी आणणाऱ्या सर्दीच्या गोळ्यांनी बाळही पेंगतं.

## रोजच्या गोळ्या चालू असतील तर

थायरॉइडची थायरॉक्सिन गोळी निर्धास्त घ्या. गोंधळ होतो तो बाळंतपणानंतर मिळणाऱ्या लोह आणि कॅल्शियममुळे. त्या दोन्ही गोळ्या थायरॉक्सिनला शोषू देत नाहीत, म्हणून चार तासांचं अंतर हवं. गरोदरपणात वाढवलेला डोस बाळंतपणानंतर कमी करावा लागतो, साधारण सहा आठवड्यांनी तपासणी करतात.

डायबेटिसमध्ये इन्सुलिन आणि मेटफॉर्मिन दोन्ही चालतात. इन्सुलिन घेणाऱ्या आईची शुगर पाजताना एकदम उतरू शकते. रात्री पाजायला बसण्याआधी काहीतरी खावं, उशाशी बिस्किटं असावीत. मेथीच्या लाडवांनीही शुगर उतरू शकते. ब्लड प्रेशरला लॅबेटॅलॉल, निफेडिपीन, एनालाप्रिल हे पाजताना वापरले जाणारे पर्याय आहेत.

फिट्स येणाऱ्या आईने गोळी एकाएकी बंद करणं हा बाळाला सर्वांत मोठा धोका आहे, दुधातल्या औषधापेक्षा कितीतरी मोठा. जागरणाने फिट उलटते, म्हणून रात्रीचं एक पाजणं पिळून ठेवलेल्या दुधावर नवऱ्याने सांभाळावं. जमिनीवर गादी घालून पाजावं, बाळाला एकटीने आंघोळ घालू नये. मुंबईतल्या दहा बाय दहाच्या खोलीत गादी तशीही जमिनीवरच असते, तिथे ती सोयच झाली. फेनोबार्बिटोनवर असाल तर बाळाच्या पेंगेवर लक्ष ठेवा, लॅमोट्रिजिनवर असाल तर अंगावर पुरळ येतं का तेही बघा.

बाळंतपणानंतरच्या नैराश्यात सर्ट्रालिन सहसा पहिली निवड असते, कारण ते दुधात फार कमी उतरतं. 'गोळ्या नकोत, पाजते आहे' म्हणून उपचार टाळणाऱ्या बायका बऱ्याच असतात आणि घरचे ते उचलूनही धरतात. हे बरोबर नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

पाळणा लांबवायला इस्ट्रोजेन असलेल्या नेहमीच्या गोळ्या पहिले सहा आठवडे अजिबात नकोत आणि सहा महिन्यांपर्यंत टाळलेल्या बऱ्या. त्यांनी दूध घटू शकतं. कॉपर टी चालते. सरकारी दवाखान्यात मोफत मिळणारी 'छाया' ही हॉर्मोन नसलेली गोळीही चालते: पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, पुढे एकदा.

## आजारच दुधातून जाईल, त्याचं काय?

टीबी दुधातून जात नाही, खोकल्यातून जातो. पहिल्या फळीची औषधं चालू असताना आईने मास्क लावून पाजत राहावं. दुधातून उतरणारी औषधाची मात्रा बाळाला संरक्षण द्यायला पुरत नाही, म्हणून बाळाची तपासणी करून त्याला वेगळं प्रतिबंधक औषध सुरू करतात. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या एमडीआर टीबीचा निर्णय तज्ज्ञांवर सोडावा.

हिपॅटायटीस बी असेल तर बाळाला जन्मल्यापासून 24 तासांच्या आत लस आणि इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) मिळालं पाहिजे. मग पाजता येतं. एचआयव्ही असलेली आई विषाणूला रोखणारी एआरटी औषधं न चुकता घेत असेल आणि बाळालाही प्रतिबंधक औषध चालू असेल तर पहिले सहा महिने निव्वळ अंगावर पाजायला आपल्याकडे सांगतात. या सहा महिन्यांत सर्वांत वाईट म्हणजे मधूनच वरचं दूध, मधूनच बाळगुटी, असा मिश्र प्रकार. त्याने लागण होण्याचा धोका वाढतो.

छातीला सूज येऊन ताप आला तर पाजणं थांबवू नका. बर्फाचा शेक, आयबुप्रोफेन (पावसाळ्यात डॉक्टरांना विचारूनच) आणि गरज पडली तर अँटिबायोटिक. गाठ जोरात चोळून काढण्याचा जुना उपाय सूज वाढवतो.

## आयुर्वेदिक आहे, मग चालतंच ना?

आळीव, डिंक, बाळंतशेप हे स्वयंपाकाच्या प्रमाणात खायला हरकत नाही. भस्म आणि रसौषधं मात्र सुट्या पुडीतून घेऊ नयेत. त्यांत शिसं किंवा पारा असू शकतो, आणि शिसं दुधात उतरतं. 'दूध येत नाही' म्हणून मैत्रिणीने सुचवलेलं डोमपेरिडोनही स्वतःहून नको. ते हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकतं. आधी बाळ नीट पकड घेतंय का हे कुणा जाणत्या नर्सला दाखवा. आणि मिशरी हे औषध नाही, तंबाखू आहे. निकोटीन दुधात पोचतं.

## खरोखर थांबावं लागतं तेव्हा

कॅन्सरची केमोथेरपी आणि हृदयाच्या ठोक्यांवरचं अमिओडॅरोन यांच्याबरोबर पाजणं चालत नाही. मानसिक आजारावरचं लिथियम फक्त बाळाच्या रक्ततपासणीच्या देखरेखीखाली, आणि बरेच डॉक्टर तेही टाळतात. थायरॉइडसाठी रेडिओअॅक्टिव्ह आयोडीन घ्यायचं असेल तर उपचाराआधी किमान चार ते सहा आठवडे पाजणं पूर्ण बंद करावं लागतं, नाहीतर दूध बनवणारा स्तन ते आयोडीन ओढून घेतो. या बाळाला पुन्हा पाजता येत नाही, पुढच्या बाळाला येतं. याउलट एक्स-रे, डाय घालून केलेला सीटी स्कॅन किंवा एमआरआय यांसाठी थांबायची गरज नाही. भूल दिली असेल तर पूर्ण शुद्धीवर येऊन बाळ नीट धरता आलं की पाजा.

काही दिवसांचाच खंड असेल तर आधीपासून थोडं थोडं दूध पिळून फ्रीझरमध्ये साठवा. मुंबईच्या उकाड्यात पिळलेलं दूध बाहेर ठेवू नका, लगेच फ्रिजमध्ये टाका. खंडात चोवीस तासांत आठ वेळा तरी पिळा, आणि बाळाला बाटलीऐवजी वाटी-चमच्याने पाजा, म्हणजे ते छाती विसरत नाही. सायन हॉस्पिटलमध्ये 1989 साली आशियातली पहिली मानवी दुधाची बँक सुरू झाली. दात्या आयांची तपासणी करून दूध 62.5 अंशांवर 30 मिनिटं तापवून तिथे दिलं जातं, पण ते मुख्यतः दाखल असलेल्या, दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांसाठी असतं, घरच्या बाळासाठी नाही.

पाजणं कायमचं सोडावं लागलं तर शक्य असेल तेव्हा आठवड्याभरात एकेक पाजणं कमी करत जा. छाती कापडाने करकचून बांधू नका, त्याने गाठी होतात. दूध आटवण्याची कॅबरगोलिन ही गोळी डॉक्टर देऊ शकतात, पण बाळंतपणात बीपी वाढलेलं असेल तर ते आधी सांगा, अशा वेळी ती देत नाहीत. ब्रोमोक्रिप्टीन या जुन्या गोळीने काही बाळंतिणींना फिट्स आणि पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत, म्हणून चिठ्ठीवर ती दिसली तर एकदा परत विचारा.